हाड, गोवंश, धरण आणि बाड : आदिलाबादच्या भूमीतील संशोधनाचा मागोवा

विद्यार्थ्यांची सहल हैदराबादला निघाली की चारमिनार आणि सालारजंग संग्रहालयाबरोबर बिर्ला विज्ञान केंद्र हे ठिकाण ठरलेलेच असते. तेथील एका दालनात एका प्रचंड प्राण्याचा सांगाडा उभा आहे. त्याचे शास्त्रीय नाव कोटासॉरस यमनपल्लिएन्सिस. अशाच एका सहलीत एका विद्यार्थिनीने ते नाव दोनदा वाचले आणि मला विचारले, "सर, ही यमनपल्ली म्हणजे आपल्याकडचीच का?" मी हो म्हणालो. त्यावर तिने आणखी दोन प्रश्न विचारले. हे कोणी शोधले? आणि आम्हाला शाळेत हे कोणी सांगितले का नाही? मी भाषेचा अध्यापक. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मला येत नव्हते. ते शोधता शोधता जे वाचनात आले त्याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण सर्व अध्यापकांनी मिळून द्यावयाचे आहे.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. या लेखात 'आदिलाबाद' म्हणजे जुना, मोठा जिल्हा होय. १९०५ साली निजामाच्या राज्यात हा जिल्हा अस्तित्वात आला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट व राजुरा हे मराठी भाषक भाग त्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. २०१६ साली तेलंगणा शासनाने उरलेल्या जिल्ह्याचे आदिलाबाद, मंचिर्याल, निर्मल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार भाग केले. सरहद्दी बदलल्या तरी माती, नद्या आणि बोली बदलल्या नाहीत. गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी, उर्दू, बंजारा या साऱ्या भाषा येथे आजही एकाच बाजारात ऐकू येतात.

अशा या जिल्ह्याविषयी 'मागास', 'जंगली' अशी विशेषणे आपण ऐकत आलो. संशोधनाचा आणि त्याचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक दीडशेहून अधिक वर्षे या खोऱ्यात जगभरचे संशोधक येत आहेत. त्यांनी येथे काय वाचले आणि त्यातले आपल्यापर्यंत काय पोचले, हा या लेखाचा विषय आहे.

दगडातील हाड

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहत जाऊन सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या नदीच्या दोन्ही काठांवर जुने गाळाचे खडक आहेत. पलीकडच्या सिरोंचा तालुक्यात कोटा नावाचे गाव आहे. तेथील चुनखडीत माशांचे अवशेष सापडले. ते लंडनला पाठविण्यात आले आणि १८५१ मध्ये एगर्टन या इंग्रज अभ्यासकाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांनी संपूर्ण प्राणहिता-गोदावरी खोऱ्याची पाहणी केली आणि १८८१ मध्ये त्यांचा सविस्तर ग्रंथ बाहेर आला. खडकांच्या त्या थराला कोटा गावाचेच नाव मिळाले. आज जगातील कोणत्याही विद्यापीठात जुरासिक काळाचा अभ्यास करणाऱ्याला 'कोटा' हा शब्द ठाऊक असतो.

स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भूविज्ञानाचा विभाग सुरू केला. त्यासाठी लंडनहून पामेला रॉबिन्सन या विदुषी आल्या. संख्याशास्त्राच्या संस्थेने हाडे का शोधावीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. एका शास्त्राची भिंत दुसऱ्या शास्त्राला लागूनच असते, अशी महालनोबिस यांची धारणा होती. १९५८ पासून या मंडळींना या खोऱ्यात पोचमपल्ली गावाजवळ प्रचंड हाडे मिळू लागली. १९६०-६१ पर्यंत सुमारे ३०० हाडे निघाली. ती किमान सहा प्राण्यांची होती. ते वर्ष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे होते. म्हणून १९७५ मध्ये नामकरण करताना त्या प्राण्याला बारापासॉरस टागोरी असे नाव देण्यात आले. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. सुमारे १४ मीटर लांबीचा हा सांगाडा आज कोलकात्यात त्या संस्थेच्या संग्रहालयात आहे.

आमच्या विद्यार्थिनीने पाहिलेला सांगाडा यानंतरचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला यमनपल्लीजवळ सुमारे २,४०० चौरस मीटरच्या एकाच जागेत हाडांचे ८४० भाग सापडले. बारापासॉरसच्या जागेपासून हे ठिकाण उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. हाडे इतस्ततः विखुरलेली होती, पण किमान बारा प्राण्यांची होती. पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये त्यांना कोटासॉरस यमनपल्लिएन्सिस हे नाव दिले. सुमारे नऊ मीटर लांबीचा हा वनस्पतिभक्षी प्राणी ढोबळमानाने अठरा कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्याच्या नावातला पहिला शब्द महाराष्ट्रातील गावाचा आणि दुसरा तेलंगणातील गावाचा. नदीचे दोन्ही काठ एका नावात आले.

येथे भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मराठीत आपण 'जीवाश्म' म्हणतो, म्हणजे दगड झालेला जीव. उर्दूत यासाठी 'रिकाज़' हा शब्द आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ जमिनीत पुरलेले धन. मराठी शब्द वस्तूचे वर्णन करतो आणि उर्दू शब्द तिचे मोल सांगतो. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तर विद्यार्थ्याला व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

गोठ्यातील इतिहास

डायनासोरच्या हाडातून त्याचा डीएनए काढता येईल का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. 'जुरासिक पार्क' या चित्रपटाने तो घरोघर पोचविला. उत्तर नाही असेच आहे. प्राणी मेल्यावर डीएनएचे तुकडे होऊ लागतात आणि उष्णता व पाणी यांनी ते काम झपाट्याने होते. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला असून तो सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे. तो निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अठरा कोटी वर्षे हा पल्ला त्याच्या किती पलीकडचा आहे, हे गणिताचे अध्यापक सांगतीलच.

प्राचीन प्राण्यांच्या आनुवंशिकीचा आरंभ मात्र फार जुना नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे ॲलन विल्सन यांच्या प्रयोगशाळेत क्वागा या नामशेष झालेल्या, झेब्ऱ्यासारख्या प्राण्याच्या संग्रहालयातील कातड्यातून डीएनएचे तुकडे वाचण्यात आले. तेथून हे शास्त्र वाढत गेले आणि २०२२ मध्ये स्वांते पेबो यांना याच क्षेत्रातील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडची उष्ण हवा या कामाला प्रतिकूल आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील राखीगढी येथील साठाहून अधिक मानवी नमुने तपासले. त्यांपैकी एकाच नमुन्यातून वाचण्याजोगा डीएनए मिळाला. तो निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नमुन्यासाठी साठ नमुन्यांवर श्रम करावे लागतात, हे संशोधनाचे खरे रूप विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

मग आदिलाबादच्या शेतकऱ्याचा या शास्त्राशी संबंध काय? संबंध त्याच्या गोठ्यात उभा आहे. आपल्या भागात पोळ्याला ज्या बैलाची पूजा होते तो वशिंडाचा बैल. युरोपातील गाय बिनवशिंडाची. दोन्ही एकाच मूळ पाळीव जातीपासून निघाल्या असाव्यात, असे मत पूर्वी मांडले जात असे. १९९४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी जिवंत जनावरांच्या मातृवंशीय डीएनएची तुलना केली. तेव्हा असे दिसले की या दोन कुळांची फारकत किमान दोन लाख वर्षांपूर्वीची आहे. माणसाने जनावरे पाळायला सुरुवात केली ती गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत. म्हणजे वशिंडाची गाय बाहेरून आणलेली नसून ती भारतीय उपखंडातच स्वतंत्रपणे पाळली गेली, हे उघड झाले. त्याच संस्थेच्या पुढाकाराने २०१९ मध्ये पश्चिम आशिया व आसपासच्या ६७ प्राचीन गुरांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी तिकडे मोठा दुष्काळ पडला. त्या सुमारास सिंधू खोऱ्याकडील वशिंडाच्या गुरांचे रक्त तिकडच्या कळपांत वेगाने मिसळले. माता तिकडच्या राहिल्या, वळू मात्र इकडचे होते. कोरड्या हवेत तग धरणारा बैल दूरच्या माणसांनी मुद्दाम नेला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

म्हशीविषयी असेच काम हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात झाले. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये भारतीय म्हशींच्या विविध जातींच्या डीएनएवरून असे दाखविले की आपली नदीकाठची म्हैस आणि पूर्व आशियातील दलदलीची म्हैस यांचे मूळ निरनिराळे आहे आणि आपली म्हैस उपखंडाच्या पश्चिम भागात पाळली गेली असावी.

या विषयाच्या वाचनात मला एक ठेच लागली, ती येथे नमूद करतो. दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन गोपालकांवरील लेखनात 'उतनूर' हे नाव वारंवार येते. १९५७ मध्ये ऑलचिन या पुरातत्त्वज्ञांनी तेथील राखेच्या टेकाडाचे उत्खनन केले. जळालेल्या शेणाचे थर, गुरांचे कोंडवाडे आणि चक्क खुरांचे ठसे तेथे मिळाले. मी मोठ्या अभिमानाने हे आपल्या जिल्ह्यातील उतनूर समजलो होतो. पुढे वाचल्यावर कळले की ते उतनूर महबूबनगर जिल्ह्यातील. एका नावाची दोन गावे. जी चूक मी केली ती कोणीही करील, म्हणून ती लपविण्यात अर्थ नाही. कागद नीट वाचण्याची सवय ही कोणत्याही शास्त्राची पहिली पायरी होय.

येथेही शब्दांचा विचार करू. 'आनुवंशिकता' हा शब्द विद्यार्थ्यांना बोजड वाटतो. उर्दूत त्यासाठी 'तवारुस' हा शब्द आहे. तोही अनोळखी वाटेल. पण त्याच अरबी धातूपासून आलेले 'वारस' आणि 'वारसा' हे शब्द मराठी घराघरात आहेत. सातबारावर वारसाची नोंद होते तशी पेशीतही होते, असे सांगितले की विषय सुरू करता येतो.

अंदाज आणि पूर

हैदराबाद संस्थानात विज्ञान देशी भाषेत शिकविण्याचा जो प्रयोग झाला त्याचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. १९१७ मध्ये दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग स्थापन झाला. मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख होते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. गणित, पदार्थविज्ञान, रसायन हे विषय, वैद्यक, आणि १९२९ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयात अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकविली जाऊ लागली. परिभाषा कशी घडवावी यावर मोठे वाद झाले. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये 'वज़ा-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ लिहिला. प्रत्येक शब्दासाठी अरबीकडे धाव न घेता या भूमीतील धातू व प्रत्ययही वापरावेत, अशी त्यांची भूमिका होती. मराठीत हेच काम ज्ञानकोशकार केतकरांनी १९२० च्या दशकात आणि पुढे विश्वकोशाने व १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने केले.

या प्रयोगाचा गौरव करताना त्याची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उर्दू ही संस्थानाच्या दरबाराची आणि शहरांची भाषा होती. उटनूरच्या डोंगरावरील गोंड मुलाची किंवा राजुऱ्याच्या कुणबी मुलाची ती मायबोली नव्हती. इंग्रजीचे ओझे उतरले, पण बहुसंख्य प्रजेच्या डोक्यावर दुसऱ्या भाषेचे ओझे राहिले. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि तीस वर्षांत तयार झालेली शेकडो पुस्तके कपाटात गेली. देशी भाषेत अभियांत्रिकी शिकविता येते हे या प्रयोगाने सिद्ध केले. ती भाषा कोणाची, हा प्रश्न त्याने सोडविला नाही.

उर्दूत अभियंत्याला 'मुहंदिस' म्हणतात. तो शब्द अरबी 'हंदसा'वरून आला आणि 'हंदसा' फारसी 'अंदाज़ा'वरून. तोच आपला मराठी 'अंदाज'. अभियंता म्हणजे नीट अंदाज करणारा. संस्थानातील थोर अभियंता नवाब अली नवाज जंग (१८७७–१९४९) यांना हा शब्द शोभतो. इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे त्यांचे शिक्षण झाले. शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात मांजरा नदीवरील निजामसागर १९२३ ते १९३१ या काळात त्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. ११ जुलै हा त्यांचा जन्मदिन तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

अंदाज चुकला तर काय होते, याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. गोदावरीची उपनदी कडम. हिच्यावरील धरण आज निर्मल जिल्ह्यात येते. ऑगस्ट १९५८ मध्ये धरणात सेकंदाला सुमारे १४,७०० घनमीटर पाणी आले. पाण्याच्या पातळीवर २.४ मीटर उंचीची मोकळी जागा राखलेली होती. ती भरून पाणी धरणाच्या माथ्यावरून ४६ सेंटिमीटर उंच वाहिले. डाव्या बाजूला १३७ मीटर रुंदीचे भगदाड पडले आणि उजवीकडेही दोन ठिकाणी बांध फुटला. धरणाचे काम पुढे १९६५ पर्यंत चालले. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये पुन्हा अशीच रात्र आली. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार येणारे पाणी सुमारे ५ लाख क्युसेक आणि दारांतून सोडता येणारे सुमारे ३ लाख क्युसेक होते. खालची गावे रिकामी करावी लागली. धरण वाचले. १९५८ चे १४,७०० घनमीटर म्हणजेही ५ लाख क्युसेकहून थोडे अधिकच. चौसष्ट वर्षांनी नदीने जवळजवळ तोच आकडा पुन्हा दाखविला.

येथे इतिहास आणि अभियांत्रिकी एकमेकांना भेटतात. नदीला आजवर सर्वांत मोठा पूर किती आला, हा अभियंत्याचा पहिला प्रश्न असतो. पर्जन्यमापकाच्या नोंदी फार मागे जात नाहीत. त्यामागचे उत्तर गाळात, दगडी खुणांत आणि कागदात असते. पुणे विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापी यांच्या काठावरील गाळाच्या थरांवरून शेकडो वर्षांपूर्वीच्या पुरांचा माग काढला. हैदराबाद संस्थानाचा कारभार १८८४ पर्यंत फारसीत आणि त्यानंतर उर्दूत चालत असे. मराठी मुलखात मोडीचाही वापर होता. अशा कारभारात पूर आला की सारामाफीचे अर्ज येत, पंचनामे होत, वाहून गेलेल्या जमिनीची नोंद होई. हे कागद हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आणि तालुक्यांच्या दफ्तरांत शोधावे लागतील. शिकस्ता उर्दू वाचणारा अभियंता आज मिळणे कठीण. तेथे उर्दूचा अध्यापक लागतो.

मार्लवाई आणि गुंजाळा

१९४० मध्ये जोडेघाट येथे कोमरम भीम मारले गेले. जल, जंगल, जमीन यांवरील हक्कासाठी गोंडांनी केलेल्या त्या लढ्यामुळे निजाम सरकारला प्रश्नाच्या मुळाशी जावे असे वाटले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ त्या वेळी संस्थानात होते. ते पत्नी बेट्टी यांच्यासह मार्लवाई या गोंड वस्तीत राहिले. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अभ्यासाचे फळ ग्रंथापुरते राहिले नाही. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले आणि १९४३ मध्ये मार्लवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तके तयार झाली आणि ती देवनागरीत छापली गेली, कारण मराठीमुळे त्या भागात ही लिपी परिचित होती. उस्मानियाच्या प्रयोगाने सोडलेल्या प्रश्नाला हे एक उत्तर होते. पुढे राज्य बदलले, तेलुगू माध्यम आले आणि तो प्रयोग मागे पडला. तथापि संशोधन ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या भाषेत ते परत देता येते, हे मार्लवाईने दाखवून दिले. बेट्टी यांची समाधी मार्लवाईतच आहे.

गोंडीला स्वतःची जुनी लिपी नाही, असे बराच काळ समजले जाई. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नारनूर मंडळातील गुंजाळा गावात एका अपरिचित लिपीतील सुमारे डझनभर बाडे पुढे आली. हैदराबाद विद्यापीठाच्या जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखालील मंडळींनी त्यांवर काम केले. गावात ही लिपी वाचणारे थोडे वृद्ध अजून हयात होते. त्यांच्या मदतीने अक्षरे लागली. मग अक्षरांचे संगणकीय टंक झाले आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत 'गुंजाळा गोंडी' या नावाने ही लिपी जगातील सर्व संगणकांसाठी मान्य झाली. हाडाच्या बाबतीत गावाने नाव दिले आणि वस्तू शहरात गेली. येथे मात्र गावातल्या वाचकांवाचून शास्त्र पुढे सरकूच शकले नसते. ते वृद्ध दहा वर्षे आधी गेले असते तर बाडे हाती येऊनही मुकीच राहिली असती.

भाषेच्या अध्यापकाचे काम

वरील सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. भूशास्त्रज्ञ खडकाचा थर वाचतो, आनुवंशिकीचा अभ्यासक पेशीतील वारशाची नोंद वाचतो, अभियंता पुराची खूण वाचतो आणि लिपीतज्ज्ञ बाड वाचतो. सगळ्यांचा दस्तऐवज जुना, फाटका आणि अपुरा असतो. तो वाचण्याची शिस्त एकच : आहे तेवढेच वाचावे, नसेल ते जोडू नये आणि दोन उतनूर एक समजू नयेत. ही शिस्त आपण भाषेचे अध्यापक वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. म्हणून विज्ञान हा आपला प्रांत नाही, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही.

या दृष्टीने महाविद्यालयांच्या पातळीवर, फारसा खर्च न करता, काही कामे करता येतील. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील जुन्या पुरांच्या खुणा, म्हणजे पाणी कोणत्या देवळाच्या पायरीपर्यंत किंवा कोणत्या मशिदीच्या भिंतीपर्यंत आले होते हे, वृद्धांना विचारून वर्षासह टिपून ठेवावे. उर्दू विभागाने शिकस्ता आणि मराठी विभागाने मोडी वाचनाचा छोटा वर्ग चालवावा. विज्ञान विभागाबरोबर बसून आपल्याच जिल्ह्यातील संशोधनावर एक लहान पुस्तिका तयार करावी आणि त्यात प्रत्येक पारिभाषिक शब्द मराठी, उर्दू, तेलुगू आणि गोंडी अशा चारही भाषांत द्यावा. गोंडी शब्द विद्यार्थीच आणून देतील. कारण आपल्या वर्गात ते बसलेले आहेत, आपण त्यांना क्वचित विचारतो एवढेच.

यात घाईचे एक कारण आहे. यमनपल्लीची हाडे अठरा कोटी वर्षे थांबली, ती आणखी थांबतील. पण १९५८ चा कडमचा पूर डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. शिकस्ता सहज वाचणारी पिढी त्यांच्याच बरोबरीची आहे. वाळवीला आणि वयाला कोणी मुदतवाढ देत नाही.

ती विद्यार्थिनी आता शिक्षण पूर्ण करून गेली आहे. तिला मी पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुढे वर्गात दिले : भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हाडे काढली आणि यादगिरींनी नाव दिले. दुसऱ्या प्रश्नावर मी तिला इतकेच म्हणालो की आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. हे उत्तर खरे आहे, पण पुढच्या वर्गाला ते पुन्हा देण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, असे मला वाटते.